एंडोस्कोपीत आपला हात खरंच बसलाय का, हे डॉक्टरनं स्वतः कसं ओळखायचं?

राजारामपुरीकर:
नमस्कार मंडळी. ट्रेनिंग संपवून कोल्हापुरात परत आलोय, एका छोट्या हॉस्पिटलात एकटाच स्कोपी करतो (कोलोनोस्कोपी, म्हणजे कॅमेऱ्याच्या नळीनं मोठ्या आतड्याची तपासणी). ट्रेनिंगमध्ये सर मागं उभे असायचे, आत नळीचा लूप (वेटोळं) झाला की लगेच सांगायचे, मागं ये, हवा काढ, मग पुढं जा. आता मागं कोणीच नाही आणि रिपोर्टवर सही माझी. केसेस सुरळीत होतात, सीकमपर्यंत, म्हणजे मोठ्या आतड्याच्या पार आतल्या टोकापर्यंत पोचतो, पेशंट समाधानानं घरी जातात, तरी मनात येतं की हे सगळं म्हणजे मी चांगला आहे असं होतं का? सोपं वाटायला लागणं आणि चांगलं येणं हे वेगळं असणार ना. तुम्ही स्वतःला कसं जोखता? आपल्याकडच्या छोट्या सेटअपमध्ये जमेल असं सांगा.

जुना_स्कोपवाला:
मित्रा, हा प्रश्न पडतोय हेच चांगलं लक्षण आहे. सोपं वाटण्यावर अजिबात विसंबू नकोस. 2006 साली जामा या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात एक आढावा आला होता, डॉक्टर स्वतःला काय समजतात आणि बाहेरून मोजलं तर काय निघतं हे ताडून बघितलेलं. 20 तुलनांपैकी 13 मध्ये दोन्हीचा मेळ फारसा नव्हताच, काहींत तर उलटं निघालं. आणि अनेक अभ्यासांत सगळ्यात जास्त अंदाज चुकला तो कमी कौशल्यवाल्यांचा आणि ज्यांना स्वतःबद्दल सगळ्यात जास्त खात्री होती त्यांचा.

आपल्या कामात तर हे अजून अवघड आहे. परफोरेशन (आतड्याला भोक) झालं तर लगेच नाहीतर काही दिवसांत कळतं, पण आतड्याच्या घडीमागं राहिलेला चपटा पॉलिप (अस्तरावरची वाढ) तुला कधीच कळत नाही. तो पेशंट दोन-तीन वर्षांनी रक्त जातंय म्हणून मिरजेला जाईल, पुण्याला जाईल, मुलगा बेंगलोरला असला तर तिकडं जाईल, तुझ्याकडं येणार नाही आणि तिथला डॉक्टर तुला फोन करणार नाही. म्हणजे 'माझ्याकडं तक्रार नाही' याचा अर्थ काहीच निघत नाही. म्हणून मी म्हणतो, पेशंटचा नंबर रजिस्टरला लिहून ठेव आणि वर्षानं फोन कर. चार शब्द बोलल्यावर पुढं काय झालं ते कळतं, आणि या फोनएवढं दुसऱ्या कशानं शिकायला मिळत नाही असं माझं ठाम मत आहे.

पोटोबा_डॉक:
सरांशी सहमत, आकड्यांचं मी सांगतो. सीकमपर्यंत पोचण्याचं प्रमाण लिहायचंच, पण प्रत्येक वेळी अपेंडिक्सच्या तोंडाचा आणि व्हॉल्व्हचा (लहान आतडं मोठ्याला मिळतं तिथल्या झडपेचा) फोटो असेल तरच पोचलो म्हणायचं. प्रेप (आधी औषधानं पोट साफ करणं) कशी होती ते बोस्टन स्केलवर लिहा, आतड्याच्या तीन भागांना प्रत्येकी 0 ते 3, एकाही भागाला 2 पेक्षा कमी आले तर प्रेप अपुरी. मग स्कोप मागं घेत परत येतानाचा वेळ. पूर्वी किमान 6 मिनिटं म्हणायचे, 2024 च्या अमेरिकन निकषात नॉर्मल कोलोनोस्कोपीत सरासरी 8 मिनिटं आलंय.

सगळ्यात महत्त्वाचा आकडा अ‍ॅडिनोमा (पुढं कॅन्सर होऊ शकणारा पॉलिप) सापडण्याचा, म्हणजे स्क्रीनिंगच्या (त्रास नसताना केलेल्या तपासणीच्या) शंभरात किती जणांत किमान एक अ‍ॅडिनोमा मिळाला. 2014 च्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात हे प्रमाण 1 टक्क्यानं वाढलं की दोन तपासण्यांच्या मधल्या काळात निघणाऱ्या कॅन्सरचा धोका सुमारे 3 टक्क्यांनी कमी दिसला. त्यांचा निकष आधी 25 टक्के होता, आता वयाच्या 45 च्या पुढच्यांसाठी 35. पण हा आकडा आपल्याकडं जसाच्या तसा लावू नका हां. आपल्याकडं स्क्रीनिंगला कोण येतं, सगळे मूळव्याध, रक्त, जुलाब, टीबीचा संशय घेऊन येणारे, त्यात निम्मे तरुण, आणि अ‍ॅडिनोमा मुळात कमी. स्वतःचाच आकडा दर सहामाहीला ताडून बघा. आणि केसेस मोजून खूश होऊ नका. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक या मोठ्या हॉस्पिटलच्या एका मोजणीत सरासरी ट्रेनी साधारण 275 कोलोनोस्कोपीनंतर किमान पातळीला पोचत होता. किमान, बरं का.

सिस्टर_शाहूपुरी:
मी डॉक्टर नाही, एंडोस्कोपी रूमला बरीच वर्षं काम करते. सर, तुमचा हात कसा आहे ते आम्हाला विचारा की. पेशंट कधी कण्हला, पोट दाबायला किती वेळा सांगितलं, कूस किती वेळा बदलली, झोपेचं इंजेक्शन परत परत द्यावं लागलं का, हे सगळं आम्ही बघतोय. सकाळच्या पहिल्या केसला डॉक्टर घडी न् घडी उलटून बघतात, आणि लिस्ट लांबली, दुपारचे तीन वाजले, जेवण नाही, की स्कोप भराभर बाहेर यायला लागतो. डॉक्टरांना वाटतं आपण सगळं सारखंच केलं. स्कोप मागं घ्यायला लागल्यावर आम्हाला घड्याळ लावायला सांगा आणि वेळ मोठ्यानं बोलायला सांगा. पण आम्ही बोललो तर रागावायचं नाही, हे आधी ठरवा. नाहीतर कोण बोलणार?

गडहिंग्लजकर:
वडलांची कोलोनोस्कोपी करायची आहे म्हणून वाचत होतो. आम्हा साध्या माणसांनी डॉक्टरांना काय विचारायचं? विचारलेलं आवडत नाही काहींना.

पोटोबा_डॉक:
दादा, बिनधास्त विचारा. पोट किती साफ झालं होतं, शेवटपर्यंत पोचला का आणि त्याचा फोटो रिपोर्टला आहे का, एवढं विचारलं तरी पुष्कळ. आणि आदल्या रात्रीचं औषध वडलांना पूर्ण प्यायला लावा, सकाळचा डोस पण चुकवू नका. पोट साफ नसेल तर कितीही चांगल्या डॉक्टरला दिसणार नाही.

राजारामपुरीकर:
सगळ्यांचे मनापासून आभार. सिस्टर, तुमचं उद्यापासूनच करतो, घड्याळ आणि राग नाही, दोन्ही. एक विचारायचं होतं, व्हिडिओ रेकॉर्ड करून स्वतःच परत बघितला तर चालेल का?

जुना_स्कोपवाला:
बघ की, फायदा आहेच. पण एकट्यानं बघू नकोस, जे तेव्हा दिसलं नाही ते परत बघतानाही सुटू शकतं. पैलवानाला स्वतःचा पाय कुठं चुकतोय ते कळत नाही, हौद्याबाहेर उभ्या वस्तादाला कळतं, तसं आहे. दोघं-तिघं मिळून करा, एकमेकांच्या केसेस बघा. ब्रिटनमध्ये यासाठी डॉप्स नावाचा फॉर्म आहे, शेजारी उभं राहून एकेक पायरी बघायची आणि किती मदत लागली ते लिहायचं. तोच फॉर्म वापर, पण आधी स्वतःचे मार्क स्वतः लिही, मग दुसऱ्याचे बघ. व्हिडिओ सोपे निवडून देऊ नकोस, मधली कुठलीही केस दे, मागं येतानाचा भाग न कापता. पेशंटची संमती घे आणि स्क्रीनवरचं नाव झाक. कोल्हापुरात असलास तर पहिल्या वेळी मी येतो, मेसेज कर.