आईच्या घरातलं सामान कमी करायचंय, काय विकावं, कुठं आणि कसं? (लातूर)

औसारोडची_लेक:
नमस्कार मंडळी, पोस्ट लांब होणारे, समजून घ्या.

माझी आई 68 वर्षांची, लातूरला एकटीच असते. बाबा जाऊन चार वर्षं झाली. घर तीन खोल्यांचं आणि मागं पत्र्याचं शेड. आजच्या घडीला शेडमध्ये आणि मधल्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही. मागच्या रविवारी मी नुसती पाण्याची भांडी मोजली. 200 लिटरचे निळे ड्रम 11, तेलाचे कॅन 23, तांब्या-पितळेच्या घागरी न कळश्या 14, त्याशिवाय टिपाडं, बादल्या वेगळ्याच. मग रद्दी, सोयाबीनचा बारदाना, बाबांची जळकी मोटर, स्टार्टर, वायरींची भेंडोळी, माझ्या न भावाच्या अकरावी-बारावीच्या नोट्स, दोन बंद कूलर, मिठाईचे डबे, ते सांगूच नका. गेल्या महिन्यात रात्री बाथरूमला जाताना ती कॅनला अडखळून पडली, मनगट मोडलं. प्लास्टर असताना मी आवरायला घेतलं तर बारदान्याखाली विंचू निघाला. तरी आई म्हणायली, राहू दे, लागंल कधीतरी.

तिला मी दोष देत नाही. 72 च्या दुष्काळात ती पंधरा वर्षांची होती, खडी फोडायला गेलेली आहे. माहेर किल्लारीजवळचं, 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे सगळं घर बसलं, ढिगाऱ्यातून एक तांब्याची घागर तेवढी निघाली. आणि 2016 तर लातूरकरांना सांगायलाच नको, मांजरा धरण कोरडं, मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पाणी भरायच्या जागी जमावबंदी लागली होती. आमच्या गल्लीत टँकर आला की ज्याच्याकडं भांडी जास्त त्याच्याकडं पाणी जास्त. तेव्हापासून रिकामं भांडं दिसलं की ते घरी येतंच.

मी पुण्याला असते, महिन्यातून दोनदा येते. काय विकावं, कुणाला, आणि मुख्य म्हणजे तिचा जीव न दुखवता कसं, कुणी केलंय का?

बीडचा_भाऊ:
ताई, सरळ सांगतो. आईला आठ दिवस तुळजापूर-अक्कलकोटला पाठवा, इकडं भंगारवाल्याचा टेम्पो लावा. एका दिवसात घर मोकळं. विचारत बसलात तर आयुष्यभर होणार नाही.

नांदेडची_माय:
भाऊ, राग मानू नका पण हे कुणीच करू नये. आम्ही केलंय. सासूबाई लग्नाला गावी गेल्या आणि आम्ही दोघांनी माळा रिकामा केला. आल्या, वर बघितलं, काही बोलल्या नाहीत. दोन दिवस जेवल्या नाहीत. त्यानंतर मला कपाटाला हातच लावू देत नव्हत्या, किल्ली कनवटीला. आणि सहा महिन्यांत माळा पुन्हा भरला, आधीपेक्षा जास्त, कारण आता घरातल्यांचाच भरवसा राहिला नव्हता. ताई, वेळ लागू द्या पण तिच्या हातानं होऊ द्या. एकेक वस्तू तिनंच उचलायची, तिनंच ठरवायचं. एका वेळी एकच कोपरा घ्या, तासभर, बस.

मोंढ्याजवळ_दुकान:
विकण्याचं मी सांगतो, आमचा भांड्यांचा धंदा तीन पिढ्यांचा आहे. पितळ-तांबं मोडीत घालायची घाई करू नका. मोड म्हणजे नुसत्या वजनाचा भाव, त्यात डाग-झाळ म्हणून घट धरतात ती वेगळी. चांगली घागर, घंगाळ, जाड बुडाचं पातेलं मोडीत देऊच नका, हल्ली लोक परत पितळेकडं वळलेत, लग्नसराईत रुखवताला आणि शहरातल्या लोकांना घर सजवायला अशी भांडी भांडी म्हणूनच पाहिजे असतात, मोडीपेक्षा पैसे जास्त येतात. चेपलेलं, गळकं, झाळलेलं असंल ते मोडीत. गंजगोलाईच्या बाजारात किमान तीन दुकानी भाव विचारा, एका दुकानी विचारून देऊ नका. घरनं वजन करून न्या, म्हणजे काट्यावर बोलता येतं.

अजून एक. भांड्यावर नाव घातलेलं असतं ते वाचा. आमच्याकडं कितीदा गिऱ्हाईक मोड टाकून जातं आणि दुसऱ्या दिवशी रडत परत येतं की त्यावर आईच्या लग्नाची तारीख होती. तोवर माल पुढं गेलेला असतो.

बाकी जळकी मोटर अख्खी लोखंडाच्या भावात देऊ नका, आत तांब्याची वायंडिंग असते, मोटर रिवाइंड करणारा ती वेगळी धरतो. वायरी मात्र जाळू नका तांबं काढायला, तो धूर विषारी असतो, तशाच द्या.

कळंबचा_शेतकरी:
ड्रमचं माझ्यावर सोडा. 200 लिटरचा निळा ड्रम म्हणजे आम्हाला सोनं आहे. शेण-गोमूत्राचं जीवामृत 200 लिटरच्या मापानंच करतात, फवारणीचं पाणी बांधावर न्यायलाही तेच लागतात. पण जानेवारीत विकायला काढले तर कुणी विचारणार नाही. मे अखेर ते जुलै काढा, पेरणी-फवारणीच्या तोंडावर, भाव आपोआप मिळतो. गावच्या व्हाट्सॲप ग्रुपवर फोटो टाका. ड्रममध्ये आधी काय होतं ते घेणाऱ्याला खरं सांगा. केमिकलचा असंल तर प्यायच्या पाण्याला चालत नाही. आणि शेतीऔषधाचे रिकामे डबे-बाटल्या अजिबात कुणाला देऊ नका, लोक त्यात तेल-पाणी भरतात.

बारदाना चांगला असंल तर आडतीवर घेतात, उंदरानं कुरतडलेला कुणी घेत नाही.

ट्यूशनएरिया_लातूर:
कूलर मार्चमध्ये काढा, पंप-पंखा चालू करून दाखवा, जाळीचं गवत बदला. चालू कूलर दोन दिवसांत जातो. आणि नोट्स-पुस्तकं, लोखंडी कॉट, टेबल हे जूनमध्ये. बाहेरगावची पोरं नीट-जेईईच्या क्लाससाठी इकडं येतात तेव्हा रूमवर सगळंच लागतं त्यांना. फक्त अभ्यासक्रम बदललेली पुस्तकं कुणी घेत नाही, ती रद्दीतच. वर्ष बघून वेगळी करा.

निवृत्त_तलाठी:
रद्दी देण्यापूर्वी थांबा. तीस वर्षं कागदांत गेली म्हणून कळकळीनं सांगतो. आपला मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता, जुन्या घरांत उर्दूत, मोडी लिपीत लिहिलेले कागद निघतात. वाचता येत नाही म्हणून लोक ते वर्तमानपत्रात बांधून देतात. खासरा पत्रकाची नक्कल, जुने सातबारे, फेरफार, वाटणीपत्र, शाळा सोडल्याचे दाखले, सगळं बाजूला काढा. 2023 पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा किती कुटुंबं हळहळली की आज्याची पेटी भंगारात गेली. बाबांच्या कागदांत विमा, एफडीच्या पावत्या, शेअर्स असू शकतात. एकेक पान हाताखालून गेल्याशिवाय रद्दीवाल्याला आवाज देऊ नका.

औसारोडची_लेक:
काका, तुमचे पाय धरते. हे वाचून काल संध्याकाळी आईसोबत एकच पेटी उघडली आणि बाबांची पोस्टाची दोन पासबुकं निघाली, आम्हाला माहीतच नव्हती.

समुपदेशक_परभणी:
ताई, एक गोष्ट डोळ्यांआड करू नका. साठवण्याची सवय वेगळी आणि आजार वेगळा. खोली ज्यासाठी आहे त्यासाठी वापरताच येत नसेल, चुलीशी-पलंगाशी जायला वाट नसेल, वस्तू द्यायच्या विचारानंच माणूस कासावीस होत असेल तर ते नुसतं ‘स्वभाव’ म्हणून सोडू नये. याला वैद्यकात वेगळा विकार मानतात, 2013 पासून त्याचं स्वतंत्र नाव आहे, त्याआधी ओसीडीत म्हणजे मंत्रचळातच धरत. जोडीदार गेल्यावर हे वाढलेलं मी पुष्कळ घरांत पाहिलंय, तुमच्या आईचंही चार वर्षांत वाढलं का ते बघा. वागणुकीवर बोलून केलेल्या उपचारानं फरक पडतो. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. आधी तुम्ही स्वतः बोला, आईला फोन हातात देऊन ‘बोल’ असं करू नका.

आणि घरात बोलताना ‘कचरा’, ‘भंगार’, ‘पसारा’ हे शब्द टाळा. तिच्या लेखी तो साठा आहे. साठाच म्हणा.

जालना_ऑनलाइन:
ॲपवर विकणार असाल तर हे पाठ करा. पैसे घ्यायला क्यूआर स्कॅन करावा लागत नाही आणि पिन टाकावा लागत नाही. माझा सोफा विकताना समोरच्यानं मिलिटरीत आहे म्हणून सांगितलं, न बघता घेतो म्हणाला, कोड पाठवला, मी स्कॅन करून पिन टाकला आणि 8,000 गेले. फसलात तर लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला फोन करा, जितका उशीर तितकं अवघड. आई एकटी असते तर तिचा नंबर-पत्ता टाकूच नका, तुम्ही घरी असाल त्या दिवशी दिवसा बोलवा. जुने मोबाइल रिसेट केल्याशिवाय देऊ नका. इन्व्हर्टरची बॅटरी नवी घेताना दुकानदाराला परत द्या, बिलातून पैसे कमी होतात.

औसारोडची_लेक:
साडेतीन महिन्यांनी लिहितेय, उशिराबद्दल माफी, पण अर्धवट काही लिहायचं नव्हतं.

14416 ला मी बोलले, मग इथल्या एका डॉक्टरांकडं आईला नेलं, मनगटाच्या फिजिओच्या दिवशीच, वेगळं असं नाही नेलं. त्या बाईंनी तिला एकच विचारलं, की घरात किती पाणी असलं म्हणजे तुम्हाला झोप लागंल? आई म्हणाली, दहा दिवसांचं. हा प्रश्न आम्ही पोरांनी कधी विचारलाच नव्हता, आम्ही फक्त ‘कशाला ठेवलंय’ एवढंच विचारत आलो. मग हिशोब बसला, एका माणसाला दहा दिवस म्हणजे एक हजार लिटरच्या टाकीत भागतंय. मी म्हणलं, आई, ड्रम विकून छतावर झाकणाची टाकी घेऊ. तेव्हा कुठं ती उठली.

ड्रम जूनमध्ये काढले, सौदा तिनंच केला. मी 600 सांगणार होते, तिनं 900 सांगून 800 ला दिले, आणि घेणाऱ्याला ड्रम उलटा करून बूड दाखवून म्हणाली, ‘हे बघ, तडा नाही, पोरीसारखा सांभाळलाय.’ आठ गेले, 6,400 रुपये. मोड, मोटर, कॅन मिळून अजून पाच हजारांच्या आसपास. पैसे तिच्याच डब्यात ठेवले, टाकीवाल्याला तिनंच मोजून दिले.

घागरींना तीन रविवार लागले. तिचा हात अजून पुरता वळत नाही म्हणून मी चिंच लावून घासायची आणि ती पुसायची. घासता घासता घागरीच्या काठाखाली टिंबाटिंबांची अक्षरं निघायची. एकीवर 12-5-1976, तिच्या लग्नाची तारीख, आजोबांनी दिलेली. एकीवर माझ्या बारशाची. एकीवर अनोळखी नाव, ते बघून ती बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली ही शेजारच्या वन्संची, 2016 ला टँकरपाशी अदलाबदल झाली, परत द्यायची राहिली, आता त्या नाहीत. ती घागर आम्ही त्यांच्या सुनेला नेऊन दिली. चौदातल्या पाच ठेवल्या, किल्लारीची अर्थातच. आठ विकल्या, त्यातली एकच मोडीत.

सगळं सरळ झालं असं नाही. मध्ये एकदा मी आले तर किराणा दुकानातून तीन नवे कॅन आणलेले. मी ओरडले. दोन दिवस तिनं फोन उचलला नाही. नांदेडच्या माय, तुमची पोस्ट पुन्हा वाचली तेव्हा, आणि जाऊन माफी मागितली. ते तीन कॅन अजून घरातच आहेत, असू देत. शेड निम्मं भरलेलंच आहे. पण मधल्या खोलीत पलंग टाकलाय आणि बाथरूमची वाट मोकळी आहे.

नांदेडची_माय:
डोळ्यांत पाणी आलं ताई. एकच सांगते, जे ड्रम उरलेत ते आठवड्यातून एकदा रिकामे करून आतून घासून कोरडे ठेवायला लावा. साठलेल्या स्वच्छ पाण्यातच डेंग्यूचा डास होतो.

कळंबचा_शेतकरी:
ताई, अकरातले आठ गेले म्हणता, मग तीन राहिले असतील. मला दोन पाहिजेत, शनिवारी लातूरला येतो, 800 नं देता का?

औसारोडची_लेक:
दादा, आईला विचारलं. दोन देते म्हणाली, पण 850. तिसरा विचारू नका, तो मोरीजवळ भरलेला असतो. शनिवारी अकराच्या आत या, दुपारी ती झोपते.