अप्पर रेड लेकला आईस फिशिंग, रिझर्व्हेशनच्या हद्दीत घुसलो तर काय होतं?

बर्फाळ_पुणेकर
मंडळी, ऑफिसातली चौघंजणं शनिवारी अप्पर रेड लेकला आईस फिशिंगला (गोठलेल्या तलावाच्या बर्फाला भोक पाडून मासेमारी) निघालीत आणि मलाही ओढतायत. मिनेसोटा राज्याचं लायसन्स काढलंय. पण काल एकजण सहज बोलून गेला की तलावात मधोमध रेषा आहे, पलीकडे गेलास तर ट्राइबवाले सामानसुमान सगळं उचलून नेतात. बाकीचे खिदळले. खरंय का हे? मी एच-वन-बी या कामाच्या व्हिसावर आहे आणि रिझर्व्हेशन म्हटलं की मला अजून रेल्वेचंच आठवतं, तेव्हा जरा समजावून सांगा.

मासेखाऊ
खिदळण्यासारखं काही नाहीये त्यात. ट्राइब म्हणजे अमेरिकेतली मूळ जमात, आणि रिझर्व्हेशन म्हणजे तिची स्वतःची राखीव हद्द. इथली ट्राइब म्हणजे रेड लेक नेशन. लोअर रेड लेक अख्खा आणि अप्परचा पश्चिमेकडचा मोठा भाग रेड लेक नेशनचा, राज्याकडे फक्त पूर्वेची बाजू, वॉस्किश गावाच्या अंगाची. तुझं लायसन्स तिथपर्यंतच. बर्फावर रेषा कुठे दिसणारे, सगळं पांढरंफटक, आणि मासा लागेना की माणूस सरकत सरकत पुढे जातोच, म्हणून फोनमध्ये हद्दीचा नकाशा आधीच घालून ठेव.

आणि ते उगाच कडक नाहीत बरं. 1990 च्या दशकात तिथला वॉलाय मासा जवळपास संपला होता, तेव्हा त्यांनी स्वतःची जाळी गुंडाळली, 1999 ला राज्याबरोबर करार केला आणि 2006 पर्यंत दोन्ही बाजूंनी वॉलायची मासेमारी बंद. एवढं पोट मारून वाढवलेला मासा कुणी फुकट नेऊ देईल का?

हौशी_टीकाकार
पण ट्राइबच्या कोर्टाला बाहेरच्या माणसावर केस करताच येत नाही ना? सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे म्हणे. मग घाबरायचं कशाला.

कायदेशीर_काकू
अर्धवट वाचलंत. 1978 चा ओलिफंट निकाल फौजदारी खटल्यापुरता. सामान जप्त करणं, सिव्हिल दंड, हद्दीतून हाकलणं हे ट्राइब करतेच. शिवाय फौजदारीसाठी फेडरल सरकार बसलंय की! परवानगी नाही हे माहीत असून ट्राइबच्या जमिनीवर शिकार किंवा मासेमारी केली तर 90 दिवसांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही, मासे जप्त होतात ते वेगळंच. त्यावर लेसी ॲक्ट, म्हणजे बेकायदा पकडलेले प्राणी-मासे नेण्याविकण्याविरुद्धचा फेडरल कायदा. ट्राइबचा कायदा मोडून पकडलेला मासा नुसता गाडीतून नेला तरी त्यात अडकता येतं, एक वर्षापर्यंत, आणि जाणूनबुजून 350 डॉलरच्या वरचा माल विकला तर पाच वर्षांपर्यंत. ‘मला माहीत नव्हतं’ हे दरवेळी चालत नाही, नीट चौकशी केली असती तर कळलं असतं का, हेही बघतात.

पुणेकरा, व्हिसाच्या फॉर्मवर कधी अटक झाली होती का हा प्रश्न असतो. चार माशांसाठी तिथे ‘हो’ लिहायची वेळ आणू नकोस बाबा.

ॲरिझोनाकर
आमच्याकडे तर उलटं आहे. व्हाइट माउंटन अपाचे या ट्राइबच्या तळ्यांवर त्यांचंच परमिट लागतं, राज्याचं लायसन्स लागतच नाही. शेजारच्या न्यू मेक्सिकोत राज्याने मेस्कलेरो अपाचे ट्राइबच्या हद्दीत आपले नियम लावायला बघितले होते, 1983 ला सुप्रीम कोर्टात हरले. म्हणजे प्रत्येक ठिकाणी नियम वेगळा, तिथल्या ट्राइबच्या ऑफिसला फोन करणं हाच खरा उपाय.

जाता जाता अजून एक, गरुडाचं पीस पडलेलं दिसलं तर उचलू नका. पोरं हौसेनं उचलतात. 1940 पासूनचा कायदा आहे, सापडलेलं पीस घरी ठेवणं हाही गुन्हा.

बर्फाळ_पुणेकर
बापरे, बरं झालं विचारलं. काकू, ते 90 दिवस वाचून बायकोने आधीच नकार कळवलाय, पण मी जाणार, रेषेच्या बऱ्याच अलीकडे, वॉस्किशच्या बाजूलाच. फोनमध्ये नकाशा घेतला आणि खिदळणाऱ्यांच्या ग्रुपवर पण टाकला, तिथे आता शांतता आहे.

मासेखाऊ
शाब्बास. आणि बर्फात फोनची बॅटरी लगेच बसते, पॉवर बँक आतल्या खिशात ठेव. मिळालाच वॉलाय तर रवा लावून तळ, काटा कमी असतो.