मदत हवी आहे : गृहपाठाला गुण पूर्ण केल्याचे द्यायचे की बरोबर असल्याचे?

नमस्कार गुरुजनहो. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात सहावीला गणित शिकवते. सहावीला आकारिक (वर्गातल्या रोजच्या कामाचे) 50 गुण, संकलित (सत्राअखेरच्या परीक्षेचे) 50 गुण. आकारिकमध्ये स्वाध्यायाचेही गुण धरतो. आजवर मी वही पूर्ण दिसली की पूर्ण गुण देत आले. कारण सध्या कापूस वेचणी चालू आहे, लेकरं सुट्टीच्या दिवशी मायसोबत वावरात जातात आणि रात्री लाइनचा काही भरवसा नाही. वही उघडली हेच पुष्कळ, असं वाटायचं.

परवा मात्र अकरा वह्यांत 2/5 + 1/5 = 3/10 सापडलं. छेदांचीही बेरीज! एका पोरीची वही प्रार्थनेआधी चिंचेखाली फिरली होती म्हणे. आणि मी त्या अकराही वह्यांवर लाल शाईनं 'छान' लिहून मोकळी. माझीच लाज वाटली.

बरोबर उत्तरालाच गुण दिले तर कच्ची लेकरं वहीच आणणार नाहीत, ही भीती. सोडवण्याचे वेगळे आणि चूक दुरुस्त केल्याचे वेगळे गुण कोणी देतं का? 43 वह्या आहेत, रोज तपासणं जमत नाही. तुम्ही नोंदी कशा ठेवता, सांगा ना.