आईसाठी डीप फ्रायर: इथून न्यावा की तिकडेच घ्यावा?

नमस्कार मंडळी,
पोळ्याला गावी चाललोय, दर्यापूर तालुक्यात. मागच्या दिवाळीत वडे तळताना आईचा हात पोळला. इथं अमेरिकेत 1700 वॅटचा छान फ्रायर मिळतोय, बॅगेत बसतो. नेऊ का?
– दर्यापूरकर

दादा,
अजिबात नेऊ नका. तिकडचा 120 व्होल्टचा, इथं 230. थेट लावलात तर कॉइलवर जवळजवळ पावणेचारपट ताकद पडून ती जळेल. ट्रान्सफॉर्मर घ्याल, तर तो फ्रायरपेक्षा जड. इथलाच घ्या.

मी आर्वीजवळच्या गावी परत आले तेव्हा असाच हौसेनं घेतला, 1800 वॅटचा. पहिल्याच संध्याकाळी सांबारवड्या (म्हणजे कोथिंबिरीच्या वड्या) सोडल्या. व्होल्टेज होतं 180. एवढ्यात तो 1100 वॅटच्या आसपासच चालतो. वड्या पडल्या की तेल थंड होतं ते परत तापेचना. पारी तेल पीत बसली, दोन-तीन उकलल्या आणि सगळा सांबार तेलात. सासूबाई म्हणाल्या, "हे तं तेलातली भाजी झाली!" तेव्हापासून तळण सकाळीच, व्होल्टेज बरं असतं तेव्हा.

घेताना कॉइल तळापासून थोडी वर असलेला पाहा. खालचं तेल तितकं तापत नाही, चुरा तिथं बसतो आणि जळत नाही. बरबटीच्या (चवळीच्या) वड्यांना याचा फार उपयोग. भांडं सुटं निघणारं हवं. कॉइलचा भाग मात्र पाण्यात घालायचा नाही. भजी करताना जाळी आधी तेलात सोडा, मग पीठ, नाहीतर भजी जाळीलाच चिकटतात. पुरीला जाळी काढूनच टाका, झारा फिरायला जागा लागते.

तेलाची खालची खूण बघून घ्या. माझ्याकडे अडीच लिटरच्या खाली चालत नाही. दोन माणसांच्या घरात एवढं तेल संपवायचं कधी? मी तर सणालाच काढते.

आणि प्लग 16 अँपियरचाच. मिक्सरच्या बोर्डावर नको, एक्स्टेन्शनवर तर नकोच.
– आर्वीची काकू

काकू, आभार. आईला फोन केला. मोठा प्लग घरात एकच, त्यावर फ्रिज. ती म्हणते, "मंग फ्रिज बंद करून वडे तळू काय बापा?"
– दर्यापूरकर