ग्लॅडिओलसची सुकलेली फुले कुठून आणि केव्हा कापावीत?

प्रश्न (नाशिक, गच्चीवरील बाग):
ऑक्टोबरमध्ये कुंड्यांत लावलेल्या ग्लॅडिओलसला फुलदांडे आले असून, खालची तीन-चार फुले सुकली तरी वरच्या कळ्या अजून उमलायच्या आहेत. गुलाबाची वा झेंडूची सुकलेली फुले काढली की नवी फुले येतात, तसे येथेही होते का? फुले एकेक करून खुडावीत की दांडाच कापावा? हेच कंद पुढच्या हंगामात पुन्हा लावायचे आहेत.

उत्तर १:
गुलाबाचा नियम येथे चालत नाही. दांड्यावर किती कळ्या येणार हे तो पानांतून बाहेर पडण्यापूर्वीच ठरलेले असते आणि निशिगंधाप्रमाणे त्या खालून वर उमलत जातात. त्यामुळे खालचे फूल खुडल्याने एकही जादा कळी मिळत नाही. तरीही फुले अवश्य खुडावीत, कारण परागीभवन झालेल्या फुलामागे बोंड धरते आणि कंदात साठायचे अन्न बियांकडे जाते. मात्र केवळ पाकळ्या ओढू नयेत. त्यांच्या बुडाशी हिरव्या आवरणात दडलेला फुगीर भागही निघाला पाहिजे, कारण बोंड त्याचेच होते. शेवटची कळी उमलून गेली की सर्वांत खालच्या फुलाच्या जरा खाली दांडा कापावा आणि पानांना हात लावू नये.

उत्तर २:
पानांचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आपण लावलेला कंद हंगामाअखेर सुकून जातो आणि त्याच्या डोक्यावर नवा कंद तयार होतो. पुढच्या हंगामात फुलणार तो हा नवा कंद. त्याची वाढ फुले संपल्यानंतरही साधारण सहा ते आठ आठवडे पानांच्या जोरावर चालू राहते. म्हणून कुंडी ओकीबोकी दिसते या कारणाने पाने छाटू नयेत, पाणीही एकदम तोडू नये; पाने पिवळी पडू लागल्यावर ते हळूहळू कमी करावे.

उत्तर ३:
खालची एक-दोन फुले रंग दाखवू लागताच दांडा कापून फुलदाणीत ठेवणे मला अधिक सोयीचे वाटते. उरलेल्या बहुतेक कळ्या पाण्यात उमलतात आणि बोंडांचा प्रश्नच उरत नाही. फक्त लांब दांड्याच्या मोहापायी पाने कापली जाऊ नयेत. झाडावर किमान चार पाने राहिली पाहिजेत.

प्रश्नकर्ती:
आभारी आहे. मार्चमध्ये काढलेले कंद नाशिकच्या उन्हाळ्यात कसे टिकवावेत?

उत्तर २:
कंद काढल्यावर माती झटकून ते सावलीत, हवेशीर जागी सुकवावेत. नंतर खालचा सुरकुतलेला जुना कंद हाताने सुटा करावा आणि नवे कंद कॅप्टनसारख्या बुरशीनाशकाच्या द्रावणात, वेष्टनावरील मात्रेप्रमाणे, बुडवून पुन्हा पूर्ण सुकवावेत. ओलसर कंद साठवणे म्हणजे बुरशीला आमंत्रण. फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात कागदी पिशवीत ठेवल्यास ते चांगले राहतात, परंतु शेजारी पिकणारी फळे नसावीत. बुडाशी लागलेले वाटाण्याएवढे लहान कंदही फेकू नयेत. वेगळ्या कुंडीत लावल्यास एक-दोन हंगामांत तेही फुलण्याइतके मोठे होतात.