चमत्कारांची उलटतपासणी

धर्मशिक्षणात चमत्काराच्या गोष्टी सांगताना मुलांचे प्रश्न घेऊ नयेत, श्रद्धा डळमळते, असं काहीजण म्हणतात. हे मत पटलं नाही. शंका घेण्यात कॅथलिक चर्चच पुढे आहे! फ्रान्समधल्या लूर्दला १८५८ साली बर्नडेट या १४ वर्षांच्या मुलीला मारियामातेचं, म्हणजे येशूच्या आईचं, दर्शन झालं, इथेच आपण थांबतो. तिथे जाऊन आजारातून चमत्काराने बरं झाल्याचे दावे डॉक्टर तपासतात हे सांगायचं राहूनच जातं. आजार गंभीर हवा, बरं होणं अचानक आणि कायमचं हवं, औषधाने झालेलं नको. आजवर ७,००० हून जास्त दावे आले, चर्चने चमत्कार मानले ते जेमतेम ७० च्या आसपास.

धर्मशिक्षणाच्या वर्गात हे सांगितलं तेव्हा एका मुलीने लगेच विचारलं, "मग बाकीचे खोटं बोलत होते का?" पाठांतरापेक्षा असली चर्चा कधीही बरी.