मदत हवी आहे: ईएसपी३२ वर जॉयस्टिक सोडली तरी कर्सर सरकतो

नमस्कार मंडळी, कळव्याहून लिहितोय. पक्षाघातानंतर बाबांना माउस धरवत नाही, म्हणून अंगठ्याने चालेल असा ब्लूटूथ माउस बनवतोय. ईएसपी३२ (ब्लूटूथ असलेला छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड) आणि दोन अक्षांची साधी जॉयस्टिक, आत १० किलोओहमचे दोन पोटेंशिओमीटर (दांडीबरोबर बदलणारे रोध) असतात तीच.

जोडणी ३.३ व्होल्टवर आहे, एक्स ३४ नंबरच्या पिनला, वाय ३५ ला. बटण व्यवस्थित चालतं. त्रास आहे मधल्या बिंदूचा. बोर्ड पिनवरचं व्होल्टेज १२ बिटांत, ० ते ४०९५ अशा आकड्यात वाचतो, म्हणजे मध्य २०४८ च्या आसपास हवा; मला १८५० च्या जवळ मिळतो आणि तोही थरथरतो. शिवाय दांडी पूर्ण उजवीकडे जायच्या आधीच ४०९५ लागतं. आर्डुइनो उनो बोर्डवर (तिथे १० बिट, ० ते १०२३) हीच जॉयस्टिक ५१२ जवळ स्थिर असते, त्यामुळे संशय ईएसपीच्या एडीसीवरच (व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) आहे.

डेड झोन (मध्याजवळची हालचाल मोजायचीच नाही असा पट्टा) ठेवला की कर्सर थांबतो खरा, पण बाबांच्या अंगठ्यात जोर कमी. झोन मोठा केला की त्यांचं ढकलणं त्यातच विरून जातं. थरथर घालवायला जास्त वाचनांची सरासरी घेतली तर कर्सर रेंगाळतो, आणि ते वैतागतात.

कुणी एडीएस१११५ (वेगळी एडीसी चिप) लावून फरक पाहिलाय का? की पिनजवळ ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर पुरेल? शनिवारी सुटे भाग आणायला मुंबईत लॅमिंग्टन रोडला जाणार आहे, त्याआधी सांगितलंत तर फार बरं होईल.